विषाणु गेला, वाट बुजली

रोग हटला म्हणजे रोगी उठून कामास लागला पाहिजे, ही आपल्याकडील जुनी समजूत. संगणकाच्या बाबतींत मात्र अनेक घरीं नेमका उलटा अनुभव आला आहे. यंत्रांत विषाणु शिरला. तो ओळखला गेला. अँटिव्हायरस नांवाच्या वैद्यानें त्यास हुसकून लावलें. यंत्र निर्मळ झाल्याची ग्वाही पडद्यावर उमटली. आणि त्याच क्षणापासून इंटरनेट बंद! विषाणु होता तोंवर पत्रें जात-येत होतीं. तो गेला आणि सारी ये-जा थांबली. घरच्या मंडळींनीं दोष कधीं तारेला दिला, कधीं टेलिफोन खात्याला, कधीं त्या वैद्याला. पुष्कळदां या तिघांपैकीं एकाचाही अपराध नसे. चोरानें रहदारीची वाट आपल्या अंगणांतून वळवून घेतली होती, आणि चोर उठतांच वाटही बुजली होती. हा प्रकार कसा उद्भवला आणि बुजलेली वाट पुन्हां मोकळी करण्याची विद्या कशी घडत गेली, हा इतिहास फार जुना नाहीं. परंतु त्यांत महाराष्ट्राचा, आणि थोडा नाशिकचाही, संबंध येतो.

आरंभींच्या विषाणूंना वाट अडविण्याचें कारणच नव्हतें, कारण वाट नव्हती. इ. स. १९८६ मध्यें लाहोरच्या दोघां भावांनीं रचलेला ‘ब्रेन’ तबकडीच्या पाठीवर बसून प्रवास करी. चार वर्षांनीं, १९९० सालीं, भारतांत एक विषाणु सांपडला. त्याचें नांव ऐकून मराठी माणसास हसूं आल्यावांचून राहत नाहीं. तें नांव ‘जोशी’! दरवर्षीं ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ हीं अक्षरें टंकण्याची आज्ञा करी. तीं टंकलीं कीं जोशीबुवा संतुष्ट होऊन यंत्र मोकळें करीत. हा सारा खोडसाळपणा. परंतु त्यामागची युक्ति पोरकट नव्हती. यंत्र सुरू होतांना तबकडीवरील जें पहिलें पान वाचतें, तें मूळ पान हा विषाणु उचलून दुसरीकडे ठेवी आणि त्या जागीं स्वतः बसे. नुसतें विषाणूचें पान फाडून टाकलें, तर यंत्राला आरंभच सांपडत नसे. दडविलेलें मूळ पान हुडकून पुन्हां जागच्या जागीं बसवावें तेव्हां कोठें काम पुरें होई. पुढील तीस वर्षांची सारी कथा बीजरूपानें या एका पानांत आहे.

ही विद्या महाराष्ट्रांत वाढली ती एखाद्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर पुण्यांतील दुरुस्तीच्या दुकानांत. शालान्त शिक्षणापुढें न गेलेले कैलास काटकर हे गणकयंत्रें दुरुस्त करीत. संगणक दुरुस्तीला येऊं लागले तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांचें दुखणें तारांत किंवा चकत्यांत नसून विषाणूंत आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं त्यावर उतारे लिहिण्यास आरंभ केला आणि १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ हें औषध बाजारांत आलें. कंपनीची पुण्याबाहेरील पहिली शाखा, नव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत, निघाली ती नाशिकांत. सातपूर-अंबडचे कारखाने, जागोजागच्या सहकारी बँका आणि पतपेढ्या, आणि २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमामुळें घरोघरीं आलेले संगणक, इतकें गिऱ्हाईक या शहरांत तयार होतें.

दरम्यान वाट आली होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम कर्कश सूर काढीत पलीकडच्या यंत्राशीं बोलत असे, तो सूर श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या कानांत अजून असेल. वाटेबरोबर वाटमारेही आले. आणि येथून विषाणूचें रूप बदललें. यंत्र बिघडविण्यांत आतां त्याला गोडी उरली नाहीं. चालत्या रहदारीवर बसून खाणें अधिक किफायतीचें, हें त्याच्या कर्त्यांना उमगलें.

तो वाटेंत कसा बसे, हें समजण्यास नाशिक जिल्ह्यांतील बागलाणाकडे पाहावें. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर फड पद्धतीचें जुनें सिंचन आहे. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटांतून चाऱ्या निघतात, आणि गांवानें नेमलेला पाटकरी पाणी वांटून देतो. समजा, एका लबाड शेतकऱ्यानें मधेंच पाट फोडून सारें पाणी आपल्या शेतांतून फिरविलें, हवें तितकें घेतलें, आणि उरलेलें खालीं मूळ पाटांत सोडलें. खालच्या लोकांना पाणी मिळतच राहतें. फार तर थोडें उशिरां. पुढें लबाडी उघडकीस येते, गांव चिडतें, आणि त्याच्या शेतांतील चर मातीनें बुजवून टाकतें. परंतु वर फोडलेला पाट जोडून घेण्याचें कोणास सुचत नाहीं. दुसऱ्या दिवशीं शेवटच्या शेतांत टिपूसही पोहोंचत नाहीं.

विंडोज यंत्रांत असाच एक पाट असतो. त्याचें नांव विनसॉक. कोणतीही आज्ञावली इंटरनेटशीं बोलते ती त्यांतून. मायक्रोसॉफ्टनें त्यांत एक सोय ठेवली होती: मधल्या थरांत इतरांनींही आपला दलाल बसवावा आणि त्याची नोंद एका वहींत करावी. हेतु चांगला होता. पहारेकऱ्यांना आणि गाळणी लावणाऱ्यांना ती जागा उपयोगी पडे. परंतु २००० नंतर ‘न्यू डॉट नेट’सारख्या फुकट खेळ-गाण्यांबरोबर गुपचूप येणाऱ्या आगंतुकांनीं तीच जागा बळकावली. घरचा हुशार मुलगा किंवा घाईचा अँटिव्हायरस त्या आगंतुकाची फाईल पुसून टाकी. वहींतील नोंद मात्र तशीच राही. यंत्र पत्र घेऊन नोंदींतल्या त्या दलालाकडे जाई, तेथें कोणी नसे, आणि पत्र तेथेंच संपे. विंडोज एक्सपीमध्यें तर हा भाग काढून नवा बसविण्याची नेहमींची वाटही बंद ठेवलेली होती. तेव्हां स्वयंसेवकांनीं ‘एलएसपी-फिक्स’सारखीं लहान साधनें लिहून वांटलीं, दुरुस्तीवाले तीं खिशांतील तबकडींत बाळगून घरोघर फिरत. मायक्रोसॉफ्टला जाग आली ती ऑगस्ट २००४ मध्यें. एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेबरोबर ‘नेटश विनसॉक रीसेट’ ही आज्ञा आली. काळ्या खिडकींत ती टंकावी, यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें, कीं वही कोरी होऊन पाट मूळच्या रेषेंत येई. त्या आज्ञेपूर्वीं याच दुखण्यासाठीं किती यंत्रांवरील विंडोज पुसून नव्यानें बसविली गेली असेल, आणि तिच्याबरोबर किती घरांचीं छायाचित्रें व हिशेब गेले असतील, याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

औषध वाटेच्या पलीकडे आणि वाटेवरच रोग, असाही पेंच याच सुमारास पडला. ऑगस्ट २००३ मध्यें ‘ब्लास्टर’ आला. त्याची बाधा झालेलें यंत्र साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून आपोआप बंद पडे. मायक्रोसॉफ्टचें ठिगळ महिनाभर आधीं तयार होतें, परंतु तें इंटरनेटवरून आणावें लागे, आणि टेलिफोनच्या संथ तारेवर साठ सेकंदांत तें उतरत नसे. जाणत्यांनीं क्रम शोधून काढला: प्रथम तार उपटा, मग यंत्रांतील फायरवॉलचें दार लावा, मग तार जोडा, आणि मग औषध आणा. क्रम चुकला कीं पुन्हां पहिल्यापासून. २००८च्या नोव्हेंबरांत आलेला ‘कॉन्फिकर’ याहून धूर्त. तो सारें इंटरनेट मोकळें ठेवी, फक्त वैद्यांचे पत्ते उघडूं देत नसे. मग शेजाऱ्याच्या यंत्रावरून पेन ड्राइव्हमध्यें औषध आणावें, तर कॉन्फिकरची दुसरी स्वारी पेन ड्राइव्हवरूनच! आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हेंच.

परंतु या इतिहासांतील सर्वांत विलक्षण प्रकरण यापुढचें आहे. पंचवटींत मारीचानें मरतांना रामाच्या स्वरांत हाक मारली आणि सीतेनें ती खरी मानली, ही कथा गोदाकांठीं कोणास सांगावयास नको. आवाज ओळखीचा असला म्हणजे माणूस शंका घेत नाहीं. इंटरनेटवर हा आवाज म्हणजे नांवांचा कोश. माणूस नांव टंकतो. यंत्राला आंकडा लागतो. इंटरनेटच्या बाल्यावस्थेंत साऱ्या यंत्रांचीं नांवें आणि आंकडे कॅलिफोर्नियांतील एका संशोधन संस्थेच्या एकाच यादींत मावत. यादी हाताबाहेर वाढली तेव्हां १९८३ मध्यें पॉल मॉकापेट्रिस यांनीं डीएनएस ही वांटलेल्या कोशाची पद्धति योजली. (ती जुनी यादी ‘होस्ट्स’ या नांवानें आजही प्रत्येक यंत्रांत पडून आहे, आणि तींत खोट्या ओळी लिहून ठेवणें ही विषाणूंची आवडती खोडी आहे.) आपल्या यंत्रानें कोणत्या कोशाला विचारावें, हें एका लहानशा चौकटींतील दोन आंकड्यांवर ठरतें. ते दोन आंकडे बदलले कीं यंत्राचा सारा विश्वास दुसऱ्याच्या हातीं जातो.

एस्टोनियांतील टार्टू गांवच्या ‘रोव्ह डिजिटल’ या मंडळीनें २००७ पासून नेमकें हेंच केलें. ‘डीएनएसचेंजर’ हा त्यांचा विषाणु यंत्रांत शिरून ते दोन आंकडे बदली आणि आपल्या कोशाचे बसवी. एवढ्यावर तो थांबत नसे. घरांतील राउटरचा मूळचा परवलीचा शब्द कोणीं बदललेला नसला, तर त्यांतही शिरून आंकडे फिरवी. म्हणजे घरांतील निरोगी यंत्रेंही खोट्या कोशालाच विचारूं लागत. हा कोश बहुधा खरींच उत्तरें देई, आणि त्यांतच त्याची कुशलता. केवळ सोयीच्या जागीं तो खोटें बोले: एका दुकानाचा पत्ता विचारणाऱ्यास दुसऱ्याच दुकानांत पाठवी, पानावरील जाहिराती बदली, अँटिव्हायरसचीं नवीं औषधें येऊं देत नसे. शंभराहून अधिक देशांतील सुमारें ४० लक्ष यंत्रें या जाळ्यांत सांपडलीं, आणि मंडळीनें निदान १ कोटी ४० लक्ष डॉलर मिळविले.

नोव्हेंबर २०११ मध्यें अमेरिकेच्या एफबीआयनें एस्टोनियाच्या पोलिसांच्या साह्यानें सहा जणांना पकडलें. पुढें मुख्य सूत्रधारास अमेरिकेंत सात वर्षांहून अधिक कैद झाली. परंतु पकडण्याच्या दिवशींच एक अडचण समोर उभी राहिली. चोरांचे कोश जप्त करून बंद करावे, तर लाखों निरपराध घरांचें इंटरनेट त्याच घटकेस मरणार. टपालकचेरींतील लबाड कारकुनास बेड्या घातल्या. पण साऱ्या गांवाचीं पत्रें त्याच्याच मेजावरून जात असल्यावर उद्यांचें टपाल कोणीं वांटावें? न्यू यॉर्कच्या न्यायालयानें तोडगा काढला तो पूर्वीं फारसा ऐकिवांत नव्हता. आंकडे चोरांचेच ठेवावे, मात्र त्या आंकड्यांवर उत्तर देण्यास प्रामाणिक कारकून बसवावा. हें काम ‘इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम’ या संस्थेकडे सोंपविलें गेलें. मुदत प्रथम ८ मार्च २०१२ पर्यंत होती. तेवढ्यांत घरें शुद्ध होईनात, म्हणून ती ९ जुलैपर्यंत वाढविली.

सरकारी आज्ञेनें चोराची गादी चालविली जावी, हें त्या वेळीं कित्येकांस रुचलें नाहीं. वाट तोडल्याखेरीज लोक जागे होणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें. त्यांत तथ्य होतें. आठ महिने उलटले तरी लाखों लोक कुबडीवर चालत होते आणि कुबडी आहे हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. तरीही न्यायालयाचा निर्णयच योग्य होता. ज्याच्या यंत्रांत दोन आंकडे बदलले गेले, त्यानें कोणताही गुन्हा केलेला नव्हता, आणि इंटरनेट हें तोंवर करमणुकीचें साधन राहिलें नव्हतें. नाशिकचेंच उदाहरण घ्या. २००६ पासून युरोपास जाणाऱ्या द्राक्षांची शेतापासून पेटीपर्यंतची नोंद ‘ग्रेपनेट’वर, म्हणजे इंटरनेटवर, होऊं लागली होती. ऐन हंगामांत, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान, बांधावरचा माल तोडणीस आलेला असतां निर्यातदाराचें यंत्र मुकें झालें, तर द्राक्षें थांबत नाहींत. पहिली मुदत ८ मार्चची होती, हें येथें आठवावें.

मे २०१२ पासून गूगलनें बाधित यंत्रांच्या शोधपानावर, ज्याच्या त्याच्या भाषेंत, इशारा दाखविण्यास आरंभ केला. तरीही शेवटच्या दिवसांत जगांत दोन लाखांच्या वर यंत्रें खोट्या आंकड्यांवर उरलीं होतीं, आणि भारताचीं त्यांत सुमारें वीस हजार होतीं. अमेरिका आणि इटली यांच्या खालोखाल भारताचा क्रम होता. ९ जुलै हा सोमवार. न्यू यॉर्कच्या मध्यरात्रीं, म्हणजे आपल्याकडे कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास सकाळीं साडेनऊला, प्रामाणिक कारकून मेजावरून उठला. वृत्तपत्रांनीं प्रलयाचें भाकित केलें होतें. तो आला नाहीं. कित्येक देशांतील कंपन्यांनीं आपल्या पदरचा पर्यायी कोश त्याच आंकड्यांवर आणखी कांहीं दिवस चालविला. ज्यांना असा आधार नव्हता त्यांचें इंटरनेट मुकाट्यानें बंद पडलें.

अशा घरची दुरुस्ती विनसॉकपेक्षां सोपी, पण अधिक खोल. यंत्रांतील चौकटींत ‘कोशाचा पत्ता आपोआप मिळवा’ ही खूण केली कीं यंत्राचा भाग संपला. विषाणु आधीं पूर्ण काढलेला असला पाहिजे, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं आंकडे पुन्हां फिरत. खरी मेख राउटरची. त्याच्या पाठीवर सुईचें टोंक जाईल एवढें छिद्र असतें. तें कांहीं सेकंद दाबून धरलें कीं राउटर कारखान्यांतून आला तसा कोरा होतो. खोटे आंकडे जातात. आणि त्यांबरोबर जोडणीचें नांव आणि परवलीचा शब्दही जातो! २००५ सालीं भारत संचार निगमचें ब्रॉडबँड निघालें तेव्हां ज्यांनीं तें घेतलें, त्यांपैकीं किती जणांनीं तो शब्द लिहिलेला कागद जपून ठेवला असेल? राउटर निर्मळ झाला, पण कचेरींत अर्ज देऊन शब्द पुन्हां मिळेपर्यंत घर अंधारांतच. म्हणून शहाणा दुरुस्तीवाला सुई हातीं धरण्यापूर्वीं कागद मागत असे. आणि तो मिळाला नाहीं तर आंत शिरून फक्त दोन आंकडे हातानें बदली व परवलीचा नवा शब्द घालून देई.

या प्रकरणानंतर पांच वर्षांनीं, फेब्रुवारी २०१७ मध्यें, भारत सरकारनें ‘सायबर स्वच्छता केंद्र’ उघडलें. बाधित यंत्रांचा सुगावा लागला म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीमार्फत घरमालकास कळवावें आणि निर्मळ करण्याचीं साधनें फुकट द्यावीं, अशी ती योजना. त्या साधनांपैकीं एक पुण्याच्या क्विक हीलचें होतें.

त्याच वर्षीं जूनमध्यें महाराष्ट्राला या विषयाचा मोठा दाखला मिळाला, तो न्हावाशेव्यास. नाशिकचा कांदा आणि द्राक्षें परदेशीं जाण्याचा मुख्य दरवाजा तोच. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून ‘नॉटपेट्या’ हा विषाणु सुटला आणि कांहीं तासांत डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीच्या जगभरच्या जाळ्यांत पसरला. जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक कंटेनर-धक्का त्याच कंपनीच्या गटाचा. तेथील कामकाज ठप्प झालें, हातानें नोंदी करून कसेंबसें काम रेटावें लागलें, आणि अडकलेल्या मालमोटारींसाठीं बंदराला जागेची तजवीज करावी लागली. द्राक्षांचा हंगाम आटोपलेला होता, हें नाशिकचें दैव. कांदा चाळींत साठवितां येतो, द्राक्ष येत नाहीं.

येथें विषाणु काढण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. त्यानें यंत्रांतील सारें पुसून टाकलें होतें. प्रश्न वाटेचाच होता. कंपनीच्या जाळ्यांत कोण कोणास ओळखतें आणि कोणास कोठें प्रवेश आहे, याची वही जगभर सुमारें दीडशें यंत्रांत ठेवलेली असे. एक गेलें तर दुसऱ्यावरून उतरून घेतां यावें, म्हणून तीं सतत एकमेकांच्या प्रती करीत. दीडशेंही एकदम जातील, ही कल्पना कोणीं केली नव्हती. आणि वहीवांचून नवीं कोरीं यंत्रें एकमेकांस अनोळखीच राहणार होतीं. शोधाशोध करतांना घाना देशांतील कचेरींत एक प्रत जिवंत सांपडली. हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती, म्हणून तें यंत्र जाळ्यापासून तुटलेलें होतें आणि विषाणूला तें दिसलेंच नाहीं. घानाची तार इतकी संथ होती कीं ती वही इंग्लंडला धाडण्यास दिवसचे दिवस लागले असते. तेथील नोकरांजवळ इंग्लंडचा परवानाही नव्हता. तेव्हां एक जण ती तबकडी घेऊन विमानानें नायजेरियास गेला. विमानतळावर दुसऱ्या नोकराच्या हातीं ती दिली. आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. त्या एका प्रतीवरून दहा दिवसांत ४,००० मोठे आणि ४५,००० लहान संगणक पुन्हां एकमेकांशीं बोलूं लागले.